राक्षसाच्या टाळक्यात लाटणं

अगं, आमच्या सुमीने एकदा वाचनालयातून गोष्टीचं पुस्तक आणलं. एक भित्रा, बुटका पोरगा राक्षसाशी लढायला निघतो. तो गुहेत शिरला आणि पुढची पानंच फाटलेली! सुमी जेवेना. "आई, तो मेला का गं?"

म्हटलं, "मरतोय कसला! मागून त्याची आई आली, राक्षसाच्या टाळक्यात लाटणं घातलं."

सुमी पोटभर जेवली आणि चाळभर सांगत सुटली.

पुढे वाचनालयवाला दारात हजर. "वहिनी, त्याच पुस्तकाची नवी प्रत आणली, तर पोरं परत करतायत. म्हणतात, हे खोटं आहे, ह्यात आई कुठंय?"

म्हटलं, "बरोबर विचारतायत. एवढंसं पोर गुहेत एकटं धाडतात होय रे?"