बाजाराच्या फाटकाजवळील कोपऱ्याबाबत साबिनो ताइपे यांचा जबाब

नाव साबिनो ताइपे, वय ७१, धंदा हातगाडीवर जव-जवसाचा गरम काढा विकणे, शिक्षण तिसरीपर्यंत, राहणार टेकडीवरची वस्ती, लिमा.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, बाजाराच्या फाटकाजवळचा कोपरा माझा आहे. त्याचा कागद नाही. आमच्यात कुणी आजारी पडला तर जागेवर बादली उलटी घालून वर दगड ठेवतो. मग तिथे दुसरा गाडी लावत नाही. छातीच्या दुखण्याने मी घरी होतो तेव्हा बादली ठेवली होती.

परत आलो तर तिथे युसमारी नावाची व्हेनेझुएलाची बाई मक्याच्या पुऱ्या तळत होती. बादली तिने धुऊन कडेला ठेवली होती. म्हणाली, "आजोबा, तुमची का ही? मला वाटलं, कुणी टाकून दिलीय." माझी गिऱ्हाइके तिच्याकडे उभी होती. मी शेजारी गाडी लावली. काढा खपला नाही, ओतून दिला. हे लोक आल्यापासून माझ्या ओळखीच्या तिघांनी गाड्या विकल्या. त्यातला एक आता दुसऱ्याच्या गोदामात पोती उचलतो. माझ्याने पोती उचलवणार नाहीत. म्हणून मी फेरीवाला संघाचे प्रमुख फाउस्तो यांच्याकडे तक्रार केली.

काल सकाळी फाउस्तो माणसे घेऊन आले. "चल गं, गाशा गुंडाळ! आमच्या म्हाताऱ्याच्या पोटावर पाय देतेस?" बाई म्हणाली, "दादा, एवढा घाणा उतरू द्या, मग हलते." फाउस्तोंनी लाथेने कढई पाडली. तेल तिच्या पायावर गेले. ती ओरडत खाली बसली.

संघाच्या माणसांनी रस्त्यावर पडलेल्या पुऱ्या उचलल्या, फुंकल्या आणि खाल्ल्या. एक जण म्हणाला, "काही म्हणा, चव आहे बाईच्या हाताला! घ्या काका, तुमच्यामुळेच मिळाल्या." त्याच्या हनुवटीवरून तेल ओघळत होते. मी गटाराशी जाऊन ओकलो.

आज जबाब द्यायला आलो तेव्हा पोलीस ठाण्याच्या दारात फाउस्तो मला म्हणाले, "तिनंच आधी झारा उगारला एवढं सांगा. तिला हाकलतील, कोपरा तुमचा." तसे न सांगितल्यास संघ मला कुठेच उभे राहू देणार नाही. उद्या गाडी कुठे लावायची, याची मला काळजी आहे. बाईने तिथून जावे, असे मला आजही वाटते. पण तिने झारा उगारला नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात बाईने झारा उगारल्याचे वाक्य आधीच टाइप केलेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले असून खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.