उकिरडा नावाचा मुलगा

पनवेलच्या दवाखान्यात इरा सासऱ्यांसाठी बसली होती. शेजारच्या बाकावर नेऱ्याच्या दोन म्हाताऱ्या होत्या. नर्सनं आयसीयूच्या दारातून विचारलं, "उकिरडा पाटील यांच्याबरोबर कोण आहे?" दोघींनी हात वर केले. इराला राहवलं नाही.

"आजी, खरंच असं नाव आहे?"

"मीच ठेवलं, बाय. माजी आदीची तीन पोरं पालन्यातच गेली. हा झाला तवा नेऊन उकिरड्यावर ठेवला. मरनाला वाटावं, टाकून दिलेलं पोर हाय, न्यायचं कशाला."

"मग?"

"मग ह्या माज्या जावेनं, चांगुणानं उचलला. तवापासून ही त्याची आई. मी काकी."

"घरातसुद्धा?"

"घरातच तर. जेवाय मी वाढायची, हाक मारायचा काकी. लग्नात आईच्या पाटावर हीच बसली. मी कदी त्याला माजा म्हनला नाय. कुनी ऐकलं असतं म्हंजे?"

"वेणू, नको काडू ते आता."

"पन नाव लागू पडलं ना, चांगुणे? पन्नाशी वलांडली त्यानं."

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आम्ही खूप प्रयत्न केले. गेले ते. त्यांच्या आईंनी आत यावं."

चांगुणा जागची हलली नाही.

"जा, वेणू."

"तू जा. तू आई."

"आता कोन न्यायचं राह्यलंय त्याला? जा."

"मग आता माजा म्हनू का?"