दीड अंश

—नाही, ती काठी परत खुंटीवर ठेवा. दिसायला झकास आहे, मान्य, पण तुमच्या कामाची नाही. तुम्हाला टीवरून, पहिल्या फटक्यालाच लांब मारायचंय ना? दारातून पाऊल आत पडायच्या आधी म्हणालात, लांब जाणारी फेअरवे वुड दाखवा. सगळे हेच म्हणतात. सव्वीस वर्षं या गोल्फच्या दुकानात टेबलामागे उभा आहे मी, आणि अजून असं एक गिऱ्हाईक आलं नाही जे म्हणालं की बाबा, सरळ जाणारी दाखवा. ड्रायव्हर झेपत नाही, बरोबर? लाजताय कशाला, कोणालाच झेपत नाही. भोपळ्याएवढं डोकं आणि हा एवढा लांब दांडा, चेंडू कुठे जाईल त्याला धरबंध नाही — म्हणून तर अरुंद होलवर, म्हणजे चेंडू मारायचा पट्टा चिंचोळा असेल तिथं, शहाणा माणूस ड्रायव्हर पिशवीत ठेवतो आणि ही काढतो. दांडा आखूड, डोकं लहान, नावात वुड पण अंगात पोलाद. थोडं अंतर सोडायचं आणि चेंडू खेळात ठेवायचा, एवढ्याचसाठी ती जन्माला आली. आणि तुम्ही तिच्याचकडे अंतर मागताय. मागा, मागा. मागणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

हां, आता ही घ्या, आणि त्या जाळीत चार चेंडू मारा. जोर लावू नका, रोज मारता तसे मारा... असं. अजून एक... बस. चारही नाकासमोर गेले. हात वाईट नाही तुमचा. वेग कमी आहे, वयानं होतं तसं, पण वाकडेपणा नाही हातात. आता माझं ऐकाल? तीन नंबर घेऊ नका, पाच घ्या. हसलात? सगळे हसतात. तोंड मागे कललेलं असतं ना, त्याला लॉफ्ट म्हणतात, तीनचा पंधरा अंश, पाचचा अठरा. तुमच्या वेगाला पंधरा अंशांत चेंडू वरच जात नाही, जमीन हुंगत जातो. अठरात हवेत राहील, आणि राहील तर पुढे जाईल. म्हणजे कमी ताकदीची काठी तुमच्या हातात जास्त लांब जाईल — पण हे कोणाला पटत नाही. मागच्या आठवड्यात एक डॉक्टर आला होता, त्यालाही हेच सांगितलं. तीनच घेऊन गेला. मित्रांसमोर पाच काढायची लाज वाटते म्हणाला. लोकांच्या छातीत हात घालतो आणि पाच नंबरला लाजतो, आता बोला.

त्या पिशवीत काय आहे? चेंडू मारून झाले की लगेच पुन्हा काखेत घेऊन बसलात ती. जुनी आहे? बदल्यात द्यायची? द्या ना मग इकडे, एवढं काय. टोपी घातलीये डोक्याला, व्वा, जपलीये म्हणायची...

कुठून आणली ही?

नाही, काठी चांगली आहे. चांगलीच आहे. मी विचारतोय आणली कुठून. टायरवाल्याकडून? बाह्यवळणावरच्या? गाडीची चाकं सरळ करून घ्यायला गेला होतात, आणि कोपऱ्यात ही उभी दिसली — आणि त्यानं देऊन टाकली. सहज. कितीला दिली? नको, सांगू नका. उंच आहे ना तो, बोलताना समोरच्याकडे न बघता हात पुसत बसतो? तोच. नाही, ओळख नाही विशेष. म्हणजे आहे. मुलगा आहे माझा.

बसा. तुम्ही उभे राहिलात कशाला, त्यात काय एवढं. मुलानं स्वतःची जुनी काठी विकली, त्याची आहे, विकली. रविवारी जेवायला येतो, टायरच्या गोष्टी सांगतो, कोणाची गाडी कशी डावीकडे ओढत होती आणि यानं ती कशी सरळ केली. अर्धा अंश, पाव अंश. त्याची आई कौतुकानं ऐकते. मी वाटीत बघतो. ही विकायला काढलीये असं एका शब्दानं नाही बोलला. बोलेल कशाला? आणि मी तरी काय म्हणणार होतो?

तक्रार काय आहे तुमची हिच्याबद्दल? डावीकडे जाते. दरवेळी? दरवेळी. आणि तुम्हाला वाटलं तुमचाच हात चुकतोय. सहा महिने मास्तर लावून शिकलात. बघा, आत्ता चार चेंडू मारलेत माझ्या काठीनं, चारही सरळ. मग हात चुकत नाही ना? सोपं आहे, कोणीही सांगेल. काठीतच खोट आहे. घ्या, बोललो. अकरा वर्षं एवढंच वाक्य या तोंडातून निघत नव्हतं, आणि निघालं ते तुमच्यासारख्या परक्या माणसासमोर.

इकडे या, उजेडात. मानेवर, दांडा डोक्यात शिरतो तिथं, हिरवा ठिपका दिसतो? नखाएवढाही नाही. तो माझा. आमच्या धंद्यात रीत आहे — दुसऱ्याच्या काठीला हात लावला की तिला चिठ्ठी बांधायची, काय केलं, किती केलं. ग्रिप, म्हणजे मुठीवरचं आवरण, बदलली तर ग्रिप. दांडा कापला तर किती कापला ते. आणि मान वाकवली असेल तर चिठ्ठी आणि वर रंगाचा ठिपका, कारण चिठ्ठी हरवते, आणि मान वाकवलेली डोळ्याला दिसत नाही. प्रत्येक कारागिराचा रंग वेगळा. माझा हिरवा. माझ्या वडिलांनी शिकवलं मला हे, मी मुलाला शिकवलं, याच स्टुलावर बसवून. खेळणाऱ्याला आपली काठी ठाऊक पाहिजे, नाहीतर तो स्वतःवर संशय घेतो. हे माझे शब्द. पाठ करून घेतले होते मी त्याच्याकडून.

पोरगा तेवीसचा होता. पात्रता फेरी होती, चार दिवसांची. पहिल्या पाचांत आला की वर्षभर व्यावसायिक म्हणून खेळायचं कार्ड मिळणार, नाही आला तर घरी. तीन दिवस झाले आणि हा चौथ्या नंबरावर. चौथा, साहेब! माझी छाती अशी फुगलेली. फक्त शेवटचा होल त्याला छळत होता — डावीकडे तळं, उजवीकडे झाडं, मधे बोळ. तिथं तो ही वुड काढायचा. सबंध खेळात फक्त तिथंच. आणि त्याचा चेंडू जरा उजवीकडे कलून पडायचा, पडला की तिथंच थांबायचा. पुढचा फटका फार लांबचा उरायचा. तिन्ही दिवस तिथं एक-एक फटका गमावला त्यानं. मी दोरीबाहेर उभा राहून मनात म्हणायचो, दहा-बारा पावलं, फक्त दहा-बारा पावलं आणखी हवीत. बघा, मी पण तुमच्यातलाच. लांब.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं ही आणून दिली, म्हणाला, बाबा, ग्रिप घसरते, बदलून ठेवा. तेवढंच सांगितलं. मी बदलली. मग काठी समोर होती, मान वाकवायची कांब हाताशी होती... तुम्हाला सांगतो, तोंड जरासं बंद केलं ना, म्हणजे डावीकडे वळवलं, की चेंडू डावीकडे वळतो आणि पडल्यावर पळतो. आयती दहा-बारा पावलं. त्याला सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. आणि हो म्हणाला असता तरी मारताना मनात तेच राहिलं असतं. म्हणून नाही सांगितलं. त्याच्याच भल्यासाठी. असं मी त्या दिवशी म्हणालो, आणि नंतरही रोज म्हणत आलो. चिठ्ठीवर लिहिलं, ग्रिप. एवढंच. चिठ्ठी टोपीत सारली आणि टोपी घातली. आणि ठिपका — ठिपका दिला हो मी. सवय. चोरी करायची आणि जाताना खाली सही करायची, तसं. हात आपसूक ब्रशकडे गेला, मला कळलंही नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी, तो टीवर उभा राहिल्यावर.

बाकी सतरा होल सोन्यासारखे खेळला. शेवटच्या टीवर आला, काठीची टोपी काढली, काठी चेंडूमागे टेकवली. आणि थांबला. खाली बघितलं. मग मान वर करून त्या गर्दीत मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. किती वेळ? तुम्ही कपातला चहा ढवळता तेवढा. मी मान हलवली, मार म्हणून. त्यानं मारला. मी आजवर हेच धरून चाललो की तो घाबरून बघत होता. बापाकडे बघतंच ना पोर. ठिपका एवढासा, उन्हात कुठला दिसायला?

चेंडू डावीकडे गेला. तळ्यात. त्यानं नियमाप्रमाणे दुसरा टाकला, पुन्हा हीच काठी घेतली, पुन्हा तळ्यात. पहिल्या पाचांतून कुठल्या कुठे फेकला गेला. आणि मग तो काठी उलटी करून तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, बघतोय, बघतोय, आणि आजूबाजूला माझे चार ओळखीचे उभे, धंद्यातले, सगळे माझ्याकडे बघतायत — आणि मी मोठ्यानं म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं.

हसले सगळे. तोही हसला जरासा. काठी पिशवीत टाकली.

अंगण वाकडं होतं, साहेब. मीच वाकडं केलं होतं. दीड अंश. हा आकडा मी आजवर कोणाला बोललेलो नाही, त्याच्या आईला नाही, देवाला नाही. तुम्हाला का सांगतोय, तुम्ही उद्या कुठे भेटणारही नाही म्हणून असेल. त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, असं कसं हो झालं, हात तर चांगला आहे त्याचा. तो समोरच बसलेला, भाकरीचा तुकडा मोडत. मी म्हणालो, हात चांगला असून काय उपयोग, काळीज नको? घाबरला तो. हात सैल पडला. भावाला हेच सांगितलं, व्याह्यांना हेच, धंद्यात हेच. आणि तो ऐकून घ्यायचा. पुढच्या वर्षी फॉर्म भर म्हणालो तर म्हणाला, नको बाबा, तुम्हीच म्हणता ना, माझ्यात ते काळीज नाही. आणि टायरच्या दुकानात लागला. मी रागावलो त्याच्यावर. उलट रागावलो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. दोन वर्षं बोललो नाही धड. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. चूक माझी आहे. जिभेला काय मोडायचं होतं? पण दिवस गेला की शब्द जड होतो, आणि वर्ष गेलं की उचलतच नाही. आणि मग माणूस मनाची समजूत घालतो, जाऊ दे, त्याला कुठे माहितीये.

काय? बोला की, मघापासून तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडताय आणि मी बोलू देत नाही, सवयच आहे मेली. त्यानं पाठवलं? कोणी, त्यानं? इथंच? चाकं तुम्ही कुठेही करून घ्या, पण काठी बदलायची झाली तर त्याच दुकानात न्या, म्हणाला. चष्मेवाल्यांच्याच हातात द्या. अच्छा. आणि काय म्हणाला? टोपीत बघायला सांगा. टोपीत काय असणार...

थांबा. चष्मा पुसतो.

हे माझं अक्षर आहे. ग्रिप. तीच चिठ्ठी. अकरा वर्षांची, घडीवर फाटलीये. आणि खाली हे पेन्सिलनं... हे माझं नाही. 'तोंड दीड अंश बंद.' पुढे तारीख. तारीख तीच आहे. शेवटच्या दिवसाची. मापायचं यंत्र इथंच असतं, त्या खिडकीपाशी, आणि दुकानाची दुसरी किल्ली तेव्हा त्याच्याकडे असायची. म्हणजे तो घरी यायच्या आधी इथं आला. म्हणजे जेवायला बसला तेव्हा त्याला...

आणि टीवर माझ्याकडे बघितलं ते... मी मान हलवली. मार म्हणून.

आणखी काही बोलला का तो? नीट आठवा. रागात होता? हात पुसत होता. एवढंच.

नाही, पाच नंबर आज मिळणार नाही. कुठलीच मिळणार नाही. ही इथं ठेवून जा, तोंड दीड अंश उघडून ठेवतो, चिठ्ठी बांधून ठेवतो, नीट लिहून. तुमच्यासाठी नाही हो, तुम्ही कोण? हिचे त्याला दिलेत तेवढे पैसे माझ्याकडून घ्या, दुसरी घ्या, दहा दुकानं आहेत या गावात. जा. आणि जाताना दार ओढून घ्या.