पहाडातून आलेलं झाड

न्हाई न्हाई, हात नका लावू मुनशीजी — सालीतून डिंक येऊन राह्यला ना, त्यो आपोआप वाळू द्यायचा, खरवडला का फांदी गेली. काय म्हणता? फळ? फळाचं न्हाईच हे! चेरी खरी, पण नुसत्या फुलाची. सारं जालना हेच इचारतं. तुमच्या तालुकदार साहेबाला औरंगाबादेत असलं लावायचंय, बराबर, पण ऱ्हातं कसं ते ऐका आधी. मंग लावा म्हणावं.

हे अल्मोड्याहून आल्तं, रेल्वेनं, मुळ्या ओल्या शेवाळात बांधून. आमच्या वकीलसाहेबांच्या बाईसाहेब, शैलाबाई, थंड हवेला गेल्त्या, तिथं पाह्यलं अन् हट्टच धरला. वकीलसाहेब हसले — जालन्याच्या उन्हात पहाडाचं झाड? मंग मला इचारलं, रखमाजी, जगंल का रे? माळ्याला कोन काय इचारतं कधी? त्या दिवशी इचारलं, अन् मी फुगलो. जगवतो म्हणलो. खोडाला चुना, बुडाला पाला, भवती खसाचे पडदे — साहेबांच्या खोलीला खस न्हवता, ह्याला व्हता. दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या वैशाखात झळा अशा सुटल्या का पानं करपून गळाया लागली. अन् तव्हाच माझा मेव्हणा आला, मच्छिंद्र, कुंभार पिंपळगावाहून. माझी बायको उषा तिथं बाळंतपणाला गेल्ती. पोरगी झाली म्हणला, पण उषाचा ताप उतरंना, दवाखान्यातली डागतरीन बाई घेऊन चल, जल्दी. मंग काय, बाईसाहेबांनी अडवलं — बंगल्याचं असंच असतं मुनशीजी, झाड आधी, माणूस मंग —

न्हाई. खोटं बोललो. सोळा वर्षं हेच सांगतोय सगळ्यांना, तोंडाला सवय झाली. बाईसाहेब व्हरांड्यात उभ्या व्हत्या. म्हणल्या, "रखमाजी, आत्ताच्या आत्ता जा. मरू दे ते झाड." डागतरणीच्या नावानं चिठ्ठी बी दिली लिहून. मीच मच्छिंद्राला म्हणलो, तू व्हय म्होरं, मी उद्या बाईला घेऊन येतो. शेंड्याला एक डोळा, फुटायचा कोंब, हिरवा व्हता — ज्वारीच्या दाण्यायवढा. म्हणलं आजचा दिवस पडदे भिजवले का तगतंय. दुसऱ्या दिवशी बी तेच म्हणलो. चिठ्ठी बंडीच्या खिशात, अन् मी पाणी मारून राह्यलो. तिसऱ्या दिवशी डागतरणीला घेऊन निघालो. शिवेवर थोरला मेव्हणा उभा, धर्मराज. डागतरणीला म्हणला, "बाई, तुम्ही परत जा." अन् मला म्हणला, "आंगोळ करून घे." बस. यवढंच.

पोरगी त्यांनीच ठेवून घेतली. मी मागितली बी न्हाई. हितं आलो तं झाड जगल्तं. मार्गशीर्षात फुललं — पान एक न्हाई, सारं गुलाबी — लोक टांगे करून आले पाहाया. मला म्हणत, वा रखमाजी! बाईसाहेब एकदाच बाहेर आल्या, पाह्यलं, अन् आत जाऊन ह्या अंगाची खिडकी लावून घेतली. बंगला सोडून जाईस्तोवर उघडली न्हाई त्यांनी. मला बोलल्या असत्या तं बरं झालं असतं.

गेल्या मार्गशीर्षात माझी पोरगी आल्ती, द्वारका. लग्नाचं लुगडं घ्यायला मामानं जालन्याला आणल्ती. पहिल्यांदाच आली हितं. झाड फुललेलं. खाली उभी राह्यली, मानेवर पाकळ्या पडल्या, त्या झटकल्या तिनं. म्हणली, "हेच का?" मी म्हणलो, हेच. बराच येळ वर पाहत व्हती. मला वाटलं रडंल, न्हाई तं शिव्या तरी देईल. म्हणली, "वास बी न्हाई ह्याला." अन् फाटकाकडं गेली, मामा म्हणला बापाच्या पाया पड, तं ऐकलंच न्हाई असं —

असे नका पाहू माझ्याकडं. उठा मुनशीजी, टांगेवाला ताटकळलाय. उठा. जा.