सर्जेरावांनी धरलेलं चुकीचं दार

मंडळी, ऐका. घट्ट धरून राहणं ही निष्ठा, की नुसता हट्ट?

समजा, सुगरण वहिनींचं बोट तव्याला लागलं. चर्र झालं! वहिनींनी बोट पाण्यात धरलं, पण कातडीतल्या एका पेशीत हाहाकार उडाला. आतली प्रथिनं दूध नासावं तशी नासू लागली. त्यांना सावरणारे मदतनीस हवेत — नाहीतर पेशी मेली. मदतनीस घडवायची कृती कुठे आहे? केंद्रकात, जनुकांच्या धाग्यावर. हा धागा उलगडला तर माणसाहून लांब, आणि कोंबलाय राईच्या कणाहून लहान जागेत.

कृतीच्या दाराशी जाऊन तिला जागं करायला दोन दूत निघाले. भागोजी आणि सर्जेराव. दोघांना डोळे नाहीत, हाती पत्ता नाही.

पुढे बसलेल्या इंदुताई विचारतायत, "मग दार कळतं कसं हो?"

कासाराकडे मनगटच सांगतं ना, बांगडीचं माप चुकलं म्हणून? तसंच. भागोजी धाग्याला हात लावी, थोडा घसरत जाई, माप जुळेना — की सोडी. तरंगत दुसरीकडे. धक्के खाई, पुन्हा हात लावी.

सर्जेरावांचा हात मात्र फाजील चिकट. पहिल्याच दारी बसले — दिवाळसणाला आलेले जावईच जणू.

भागोजी म्हणाला, "सर्जेराव, हे दार आपलं नव्हे."

"आज नसेल. बसून राहिलो की होईल."

"अहो, पेशी मरतेय!"

"मरू दे. धरलेलं सोडायची आमच्या घराण्यात रीत नाही."

भागोजी पुढे निघाला. सुटला, हुकला, पुन्हा सुटला. आणि एका ठिकाणी हात असा बसला, की सोडवेना. त्यानं कारागिरांना हाक दिली, कृती वाचली गेली, मदतनीस घडले. पेशी वाचली.

मग भागोजीनं काय केलं? तेही दार सोडलं. काम चालू ठेवायला मागून दुसरा आला. सर्जेराव अजून तिथेच आहेत, घराण्याचा मान राखून.

हसलात. हसा. बायांनो, व्रत धरावं, नाम धरावं, मी धरलंय. पण लग्नात जावेनं पाट मांडला नाही, ते धरून आपण किती वर्षं एकाच उंबऱ्यावर बसलोय?

आज घरी जाताना तिच्या दारावरून जा. पाणी मागा.

तहान नसली तरी मागा.