पाचवं बूच

बुचं चार होती की पाच, तेच मला कधी धड आठवलं नाही — नाही, बसा, तुम्ही त्या शिल्पाखालची पाटी वहीत उतरवून घेताय म्हणून सांगतोय. 'इथे शिल्पकाराने चेहरा नाकारला आणि तो अमूर्ताकडे वळला' — हे वाक्य माझं. सौंदर्यशास्त्र शिकवायचो मी, वाक्यं करणं हाच धंदा. आणि हे ज्यानं केलं तो दादू, माझा लहानपणापासूनचा मित्र. ब्राँझमधली ही त्याची आई आहे. हो, आईच — तो खालचा उतार म्हणजे मांडी, तो बाक म्हणजे पाठ, आणि वर सगळं फाटल्यासारखं थांबतं ना, तिथं तिचा चेहरा होता. आधी केलेल्या मेणाच्या मूर्तीत होता. सहा महिने खपला होता बिचारा त्याच्यावर. मग मेणावर साचा चढवून तो वाळूत पुरला. धातू ओतताना आतली हवा निघून जायला नळ्या ठेवतात, त्यांत वाळू पडू नये म्हणून वर बुचं — ती ओतण्याआधी काढायची, एवढंच माझं काम. काढली मी. चार काढली, आणि धातू कसा वितळतो यावर त्यालाच व्याख्यान देत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी साचा त्यानं एकट्यानंच फोडला. मी पोचलो तेव्हा भिंतीला टेकून बसला होता, एक मूठ आवळलेली. डोकंच नव्हतं — आत हवा कोंडली होती, धातू तिथवर चढलाच नव्हता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "हात लावू नकोस. हेच खरं शिल्प आहे." तास-दीड तास पटवत होतो. त्यानं मूठ काही उघडली नाही. मग मी लेख लिहिला, मग बक्षीस, मग लोक त्याच्याकडे असलंच मागायला लागले. आई बघायला आली, हातानं चाचपून म्हणाली, "बाकी सगळी आहे रे मी. तोंड तेवढं कुठं सांडलंस?" सगळे हसले. मीसुद्धा. वर्षाच्या आत ती गेली, आणि दादूनं पुन्हा चेहरा केला नाही — याला विकास म्हणतात, मीच म्हटलंय, तीन पुस्तकांत.

चारच होती, असं चाळीस वर्षं स्वतःला बजावत आलो. दादू गेल्यावर वहिनींनी त्याचा खण आवरला आणि एक डबी माझ्या हातात ठेवली. "तुमचं काहीतरी आहे म्हणायचे, भावजी." आत बूच होतं, खालून करपलेलं. मोजायला सोपं जावं म्हणून मी बुचांवर शाईनं आकडे घातले होते, हे पार विसरलोच होतो. त्यावर माझ्याच अक्षरात पाच.