फाटकावरची पिवळी रेघ

मी, इलारी ग्रिगोरे बुक्शा, वय ४९ वर्षे, धंदा शेती, शिवाय गावच्या चर्चची झाडलोट आणि घंटा माझ्याकडे, शिक्षण गावच्या शाळेत आठवीपर्यंत, राहणार चर्चच्या मागे, मौजे मुंचेल, ट्रान्सिल्व्हेनिया. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

टेकडीवरच्या डुक्करपालन कंपनीने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी माझी डुकरीण मुद्दाम त्यांच्या फाटकात घुसवून रोग पसरवण्याचा प्रयत्न केला, असे तिच्यात म्हटले आहे. ती तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. मला जे सांगायचे आहे ते या उन्हाळ्यात संत इलियाच्या सणाच्या सकाळपासून सुरू होते.

त्या सकाळी मी उठून दुदाला खाणे घातले. दुदा म्हणजे माझी डुकरीण, काळी, खांद्यावरून पांढरा पट्टा. मग चर्च उघडले, मेणबत्त्या लावल्या, घंटा वाजवली. पंचांगात त्या दिवसापुढे लाल क्रॉस असतो. लाल क्रॉसच्या दिवशी आमच्या गावात कोणी विळा धरत नाही, सुई धरत नाही आणि सही करत नाही. सही हे कामच धरतात. माझे वडील अशा दिवशी पोस्टमनलासुद्धा सही देत नसत. तो दुसऱ्या दिवशी परत यायचा.

त्याच दिवशी सभागृहात डुकरांच्या नव्या नियमावर गावाच्या हरकती घेण्याची बैठक होती. ज्याची हरकत असेल त्याने येऊन सही करायची होती. आम्ही चर्चमधून घरी जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बरेच जण टोपी हातात घेऊन सभागृहावर गेले, तेव्हा दाराला कुलूप होते. 'ग्रामस्थांची हरकत नाही' असे लिहून कागद वर गेले होते. कंपनीची माणसे बैठकीला आली होती आणि त्यांनी पाठिंब्याच्या सह्या केल्या होत्या.

मी सरपंच तिबेरिउ होर्झा याच्याकडे गेलो. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो आहोत.

तो म्हणाला, "तारीख वरून आली, इलारी."

मी म्हणालो, "वरच्यांना लाल क्रॉस माहीत नसेल. तुला तर माहीत होता ना? सणाच्या दिवशी आजीने बटण लावून दिलं नाही म्हणून उघड्या शर्टाने चर्चमध्ये आला होतास तू."

"हे बरं लक्षात राहतं तुझ्या!" तो हसला. मग म्हणाला, "बालवाडीचं छप्पर कोणी घातलं? वरचा रस्ता कोणी केला? सरकारला कंपनी हवी आणि कंपनीला नियम हवा. मधे मी कोण? मी सरपंच आहे बाबा, देव नाही."

"देवाने निदान पंचांग बघितलं असतं," असे मी म्हणालो. तारीख त्याने निवडली की खरोखर वरून आली, हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते मी लिहून देत नाही.

नियम असा की, शरद ऋतूपासून कोणत्याही घरी पिलांसाठी डुकरीण ठेवायची नाही. खाण्यापुरते डुक्कर पाळता येईल, पण पिलू मान्यताप्राप्त ठिकाणाहूनच आणायचे. मान्यता हवी तर दुहेरी कुंपण, चाके धुवायचा हौद आणि आत येणाऱ्या माणसाला अंघोळीचा शॉवर पाहिजे. माझी बायको साव्हेता म्हणाली, "आपल्याकडे माणसांना शॉवर नाही, डुकरिणीला कुठून आणू?" असे ठिकाण आमच्या खोऱ्यात एकच आहे.

माझ्या आजीच्या वेळेपासून गावातली बहुतेक पिले आमच्या डुकरांच्या खोपीतून जात. भाव आम्ही कधी सांगितला नाही. नाताळच्या आधी डुक्कर कापले की जो तो आम्हाला जेवायला बोलवायचा. त्या महिन्यात आमच्या घरी चूल क्वचितच पेटायची.

ऑक्टोबरमध्ये जंगलात एक रानडुक्कर मेलेले सापडले आणि त्यात डुकरांच्या साथीचा रोग निघाला. आमच्या शेजारच्या सान्फिरा काकूंचा कुत्रा जंगलात जाऊन आला होता. पशुवैद्यक डॉ. कोर्नेल मोगा यांनी अंगणात उभे राहून नियम वाचून दाखवला, की बाहेरचे जनावर हद्दीत आले तर आतली सगळी संपवायची. काकूंची सगळी डुकरे त्या दिवशी संपवली. काकू अजूनही संध्याकाळी खोपीपुढे बादली ठेवतात. कोणी त्यांना काही म्हणत नाही.

नोव्हेंबरअखेर डॉक्टर माझ्याकडे आले. दुदा गाभण होती. त्यांनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला संपवायला पथक घेऊन येतो म्हणाले. साव्हेताने त्यांना आलुबुखाराची दारू दिली. मी विचारले, "डॉक्टरसाहेब, हा नियम लिहिला कोणी?"

"सरकारने."

"आणि सरकारला सांगितला कोणी?"

ते म्हणाले, "इलारी, मी त्या खोलीत बसलो होतो. टेबलाच्या एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला कंपनी. पुढच्या बैठकीला गेलो तर निम्मे लोक बाजू बदलून बसलेले. कंपनीतला एक सरकारात गेला होता, सरकारातला एक कंपनीत. कोणाला साहेब म्हणायचं, माझाच गोंधळ उडाला. शेवटी सगळ्यांनाच म्हणालो."

"त्या खोलीत कोणाच्या अंगणात डुक्कर होतं का?"

"माझ्या वडिलांच्या होतं," असे म्हणून त्यांनी पेला पालथा ठेवला. ते वाईट गृहस्थ नाहीत. हे लिहून घ्यावे.

नंतरच्या दिवसांत मी पुष्कळ प्रार्थना केली. उत्तर मिळाले असा माझा दावा नाही. नियमाविरुद्ध जाण्याचे माझ्या मनात नव्हते. डुकरीण फक्त मान्यताप्राप्त ठिकाणीच राहू शकते असे नियमात होते आणि असे ठिकाण टेकडीवर होते. म्हणून पथक यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला तिकडे नेली. बर्फ होता. दोरी लावली नाही. मक्याची बादली घेऊन मी पुढे चाललो आणि ती मागून आली. मध्ये दोनदा ती बसली, तेव्हा मीही बसलो.

फाटकावर सान्फिरा काकूंचा जावई दोरेल पहाऱ्याला होता. तो ओरडला, "इलारीकाका, वेड लागलंय का? हे काय आणलंत?"

मी म्हणालो, "डुकरीण आणली. हिला ठेवून घ्या. मला पैसे नकोत. पिलंही तुमचीच."

"काका, इथे माणूस अंघोळ केल्याशिवाय आत जात नाही!"

"मग घाला की तिला अंघोळ. तिला आवडतं पाणी."

दोरेलला हसू आले. मलाही आले असावे. तेवढ्यात बादली कलंडली, मक्याचे दाणे अर्धवट उघड्या फाटकातून आत गेले आणि दुदा त्यांच्यामागे गेली. तिथे जमिनीवर हद्दीची पिवळी रेघ आहे. तिचे पुढचे दोन्ही पाय रेघेच्या आत होते.

दोरेलचे हसू गेले. तो म्हणाला, "मागे ओढा, काका, मागे ओढा! आतली सगळी मारावी लागतील!" हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. आतल्या जनावरांचे वाईट व्हावे असे मला कधी वाटले नाही. मी तिला मागे ओढली. पण फाटकावर कॅमेरा आहे.

डॉ. मोगा आले. कंपनीचे व्यवस्थापक आले. दोघे आपापल्या फोनवर बोलत बाजूला उभे होते. दोघे एकाच माणसाशी बोलत होते की काय, असे मला वाटले, कारण दोघेही एकदमच "हो साहेब" म्हणाले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की वरून खुलासा आला आहे. हद्द पहिल्या फाटकापाशी नसून दुसऱ्या फाटकापाशी सुरू होते. एक कामगार पत्रा आणि रंगाचा डबा घेऊन आला. त्याने जुनी रेघ खरवडून काढली आणि आत जाऊन नवी ओढली. ती वाळेपर्यंत आम्ही सगळे थंडीत थांबलो. दुदा उरलेले दाणे खात होती.

ती आता रेघेच्या बाहेर होती, म्हणून फक्त तिलाच संपवायचे ठरले. सान्फिरा काकूंच्या अंगणात रेघ सरकवता आली असती का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सुई भरली.

औषध दिल्यावर ती लवकर गेली नाही. आमच्याकडे समजतात, की जनावर मरताना ज्याला त्याची कीव येते त्याने तिथे उभे राहू नये, जनावराचा जीव अडकतो. दोरेल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळे ती जात नाहीये."

मी ट्रकच्या मागे गेलो. पुढचे मी पाहिले नाही, म्हणून सांगता येत नाही.

नमुना घेतला गेला. त्यात रोग निघाला की नाही हे मला अद्याप कळवलेले नाही. पिलांबद्दल मी विचारले नाही.

रोग पसरवण्याचा माझा हेतू नव्हता. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझी हरकत आहे. संत इलियाच्या दिवशीही होती आणि गावाचीही होती. ती कुठेही लिहिलेली नाही, म्हणून इथे लिहून घ्यावी अशी विनंती केली व ठाणे अंमलदारांनी ती लिहून घेतली.

हा जबाब पुढे कोणाकडे जाणार असे मी विचारले. पशुवैद्यक खात्याकडे, आणि तिथून अभिप्रायासाठी डॉ. मोगा व सरपंचांकडे, असे उत्तर मिळाले. अंमलदार आमच्याच खोऱ्यातले आहेत. ते म्हणाले, "काका, आज संत निकोलस. लाल क्रॉस आहे. जबाब लिहून ठेवतो, सहीला उद्या या." मी सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावून, देवाला सांगूनच इथे आलो आहे. उद्या इथे कुलूप नसेलच असे नाही.

वरचा मजकूर मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे. पेन अंमलदारांचे घेतले आणि सही आजच केली आहे.

इलारी ग्रिगोरे बुक्शा
६ डिसेंबर, संत निकोलसचा सण